भाकरीएवढी फट

मोशीच्या गॅरेजात रेसच्या गाडीच्या इंजिनाला खालून मी जास्त तेल मावणारा, खोल ऑइल चेंबर बसवणार होतो. तेवढ्यात शिफ्ट सुटून चाललेला एक अनोळखी माणूस कंपनीच्या ड्रेसमध्येच आत घुसला. "थांब राव!" म्हणत शेजारच्या पोळीभाजीवाल्या मावशींकडून कणकेचा गोळा घेऊन आला आणि चेंबरखाली येणाऱ्या गाडीच्या लोखंडी पट्टीवर त्यानं तो थापला. साखळीला टांगलेलं इंजिन चेंबरसकट खाली टेकवून परत उचललं, तर कणीक पार लाटली गेलेली.

"पापडाएवढी फट न्हाई चालत, भाकरीएवढी पायजे! गाडी पळताना इंजिन हलतं, चेंबर पट्टीवर आपटून फुटंल."

मग तेवढंच तेल मावणारा, उथळ पण रुंद चेंबर लावून पाहिला. कणीक भाकरीएवढी जाड राहिली! तो उड्याच मारायला लागला.

"दे टाळी, भावा!"

त्याच्या हाताला कणीक, माझ्या हाताला तेल. नाव विचारायचं राहिलं; पण पोळीला लागतं ते सगळं त्या टाळीत होतं.