सुबिकच्या नकाशातली कोरी जागा

यातलं किती जसंच्या तसं घडलं आणि किती माझ्या डोक्याने मागाहून जोडलं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चार अभ्यासू माणसं एका टेबलाशी बसली की काम थोडं होतं, किस्से मात्र साठत जातात. आमचं टेबल जपानमधल्या त्सुकुबा शहरातलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. फिलिपिन्समधल्या सुबिकच्या खाडीत आधी स्पॅनिश, मग अमेरिकन, युद्धात जपानी आणि पुन्हा अमेरिकन नौदलाचा तळ होता. तो नुकताच उठला होता आणि आम्ही तिघं दर शनिवारी त्याचा इतिहास चिवडत बसायचो: मी, मनिलाहून आलेली संशोधक तेरेसा आणि सागरी नकाशांचे निवृत्त प्राध्यापक मोरिता-सान. चौथी माझी बायको निर्मला. ती चहा घेऊन यायची आणि आमच्यापेक्षा बरे प्रश्न विचारायची.

*

पहिल्याच शनिवारी वाद. तिघांनी तीन राजवटींचे नकाशे आणलेले, प्रत्येकाचं खोली मोजायचं माप वेगळं! आकडेमोडीत संध्याकाळ झाली.

निर्मला म्हणाली, "अहो, पाणी तेच आहे ना?"

मोरिता-सान तिला वाकून म्हणाले, "पाणी तेच, ओकुसान. बुडालेली जहाजं वेगवेगळी!" ओकुसान म्हणजे आपल्याकडचं 'वहिनी'.

*

नाविकांच्या नकाशात समुद्र गजबजलेला असतो आणि जमीन कोरी. जहाजावरून दिसेल तेवढंच टिपायचं: एखादा डोंगर, एखाद्या चर्चचा मनोरा. तेरेसाच्या आईचं गाव डोंगराआड होतं. पन्नासच्या दशकात धावपट्टीसाठी अमेरिकनांनी तो डोंगर कापून समुद्रात लोटला आणि गाव उठवलं. आता तळ गेला, तर आपलं घर होतं तिथे म्हातारीला एकदा उभं राहायचं होतं. तेरेसा जपानला आली ती खरं तर युद्धकाळातल्या जपानी नकाशांत ती जागा शोधायला.

"तीन साम्राज्यांनी नकाशे काढले," ती म्हणाली, "आणि तिघांनाही माझी आई दिसली नाही!"

*

तिच्या दोन मावश्या. एक 'तळ हटवा'च्या मोर्च्यात. दुसरी तळावर कपडे धुवायच्या कामाला, म्हणून 'तळ राहू द्या'च्या मोर्च्यात.

"घरी बोलायच्या का एकमेकींशी?" निर्मलाने विचारलं.

"बोलायच्या की! दोघींचे पाय सुजलेले. एकाच घमेल्यात बुडवून बसायच्या."

"आणि तुझी आई?"

"ती पाणी गरम करायची. आणि विचारायची, आज माझ्या गावासाठी कुणी ओरडलं का?"

*

एकदा मी नकाशांच्या बिघडलेल्या झेरॉक्स जाळायच्या कचऱ्यात टाकल्या. सकाळी शेजारीण पिशवी घेऊन दारात! आत प्लास्टिकची कव्हरं निघाली होती, आणि तिथे प्लास्टिक वेगळं टाकायचा कडक नियम. तिने इतक्यांदा वाकून माफी मागितली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेरेसा हसली नाही. म्हणाली, "विषारी कचरा मागे टाकून सुबिक सोडून जाणाऱ्यांना ही बाई भेटायला हवी होती."

*

तेरेसाची फेलोशिप संपली. शेवटच्या शनिवारी ती रिकाम्या हातांनी बसली होती. "आईला काय सांगू?"

मोरिता-सान कायम सांगायचे, "युद्धात मी टोकियोच्या कचेरीत रेघा ओढत होतो. फिलिपिन्स कधी पाहिलं नाही." त्या दिवशी मात्र ते नकाशातल्या कोऱ्या जागी बोट टेकवून म्हणाले, "इथे विहीर होती. दोर आखूड होता. फार वाकावं लागे."

तेरेसाने त्यांचं बोट उचललं जाईपर्यंत वाट पाहिली आणि तिथे पेन्सिलीने फुली मारली. निर्मला तेव्हा स्वयंपाकघरात होती. 'फार वाकावं लागे' हे वाक्य मी खरंच ऐकलं का, अशी शंका पुढे मला छळत राहिली.

मोरिता-सान वारल्यावर काही वर्षांनी मी मनिलाला गेलो. तेरेसाने आईला त्या फुलीवर नेऊन उभं केलं होतं, पण सगळं सपाट. म्हातारीला खूण पटली नव्हती. मोरिता-सानांबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी फक्त एवढंच विचारलं, "गावात पाणी कसं काढायचात?"

म्हातारी खुर्चीतून उठली, आणि डोकं जवळजवळ जमिनीला लागेल इतकं वाकून तिने मला दाखवलं.