वोय्चेख ऊर्फ अल्बर्ट

शांतारामभाऊ गेल्याचा फोन ऑफिसात आला तेव्हा मी एका नव्या कामगाराच्या व्हिसाचे कागद तपासत होतो. फोन त्यांच्या मुलीचा होता, सुजाताचा, कराडहून. "काका, बाबा पहाटे गेले," एवढंच ती बोलली. मी खिडकीबाहेर पाहत होतो. बहारीनमधल्या ऑगस्टची ती दमट, पांढुरकी सकाळ होती. समोरच्या इमारती पाण्याखाली उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. फोन ठेवल्यावर मी पुन्हा त्याच कागदांवर वाकलो, पण अक्षरं जागेवर राहत नव्हती. याला आता सहा आठवडे होऊन गेले.

मी चिपळूणजवळच्या खेड्यातून इथे आलो तो नव्वदीच्या सुरुवातीला. जिदहफ्सच्या बाजारामागे कंपनीची एक खोली होती, तिथे माझी खाट शांताराम गायकवाडांच्या खाटेसमोर पडली. त्यांच्या बाजूच्या भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, माझ्या बाजूला गणपती. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. कंपनीत कामगारांचे पासपोर्ट, करार, रेसिडेंट कार्डं सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्यातला निम्मा वेळ नावं जुळवण्यात जायचा. एकच माणूस शाळेच्या दाखल्यावर दत्ताराम, पासपोर्टवर दत्तराम आणि अरबीतून फिरून आला की दातरम व्हायचा. शांतारामभाऊ चष्मा कपाळावर चढवून शांतपणे एकेक अक्षर दुरुस्त करत बसायचे.

माझ्या पहिल्याच वर्षातली एक गोष्ट लिहायला हवी. आम्ही दोघं एका सरकारी काउंटरसमोर उभे होतो आणि आतल्या माणसाने त्यांचं पूर्ण नाव पुकारलं, "शांताराम कचरू गायकवाड." रांगेतला आमच्याच कंपनीचा एक हिंदीभाषक सहकारी म्हणाला, "कचरासाहब, आपका नंबर." चारजण हसले. मीही हसलो. शांतारामभाऊंनी कागद घेतला, नीट घडी घातली आणि परतताना मला रोजच्यासारखाच चहा पाजला. त्या हसण्याबद्दल ते तेव्हा काही बोलले नाहीत. मीही नाही.

आमच्या एका इंग्रज इंजिनिअरची बायको, हालिना, अदलियातल्या एका बैठ्या बंगल्यात राहायची. जन्माने पोलिश. संधिवाताने तिची बोटं आखडली होती म्हणून टाइपिंगला कुणी मिळेल का, असं तिच्या नवऱ्याने ऑफिसात विचारलं. शांतारामभाऊ तयार झाले. त्यांना गाडी येत नव्हती, म्हणून दर शुक्रवारी मी त्यांना घेऊन जायचो आणि तिथेच बसून राहायचो. आता आठवताना ते सगळे शुक्रवार मिळून एकच लांबलचक दुपार होती असं वाटतं... पडदे ओढलेले, एसीची घरघर, काचेच्या पेल्यात लिंबाची चकती घातलेला चहा आणि टाइपरायटरची टकटक. माझे डोळे मिटायला लागायचे आणि त्या गुंगीत कधी न ऐकलेली नावं कानावर येत राहायची.

हालिना आपल्या हरवलेल्या भावाला शोधत होती. युद्ध आलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. आईबरोबर ती एका दिशेला नेली गेली, पुढे इंग्लंडला पोचली. दहा वर्षांचा भाऊ गावात आजीपाशी राहिला, तो परत दिसलाच नाही. त्याचं नाव वोय्चेख, घरात वोय्टेक. आई मरेपर्यंत दर एप्रिलमध्ये त्याच्या नावाचा केक करायची, कारण त्यांच्यात वाढदिवसापेक्षा त्या नावाच्या संताचा दिवस मोठा. पोलंडचे दरवाजे नुकतेच उघडले होते, पत्रांना उत्तरं येऊ लागली होती. पण हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेचं उत्तर दरवेळी एकच... या नावाची नोंद नाही.

पोलिश नावं टाइप करता करता शांतारामभाऊ ती शिकत गेले. लिहिताना 'जे', म्हणताना 'य'. 'सी-झेड' एकत्र आले की 'च', आणि 'सी-एच' आले की 'ख'च्या जवळचं काहीतरी. काताझिनाला घरी काशा म्हणतात हे कळलं तेव्हा ते खुलले. म्हणाले, आमच्या गल्लीत तीन काशी आहेत, चौथी ही. हालिनाला ते समजावून सांगावं लागलं आणि तीही हसली.

मग एका शुक्रवारी तिने एक कागद पुढे ठेवला. गावच्या चर्चमधून तिच्या घरच्यांचे बाप्तिस्म्याचे उतारे आले होते, लॅटिनमध्ये लिहिलेले. तिचा स्वतःचा होता. वोय्चेखचा नव्हता. त्याऐवजी आडाल्बेर्टुस नावाच्या कुण्या मुलाचा होता. आईबाप तेच. असा कुणी आपला भाऊ नव्हता, कदाचित आपल्या आधी जन्मून गेलेलं मूल असेल, असं ती म्हणाली आणि कागद बाजूला सारला. शांतारामभाऊंनी तो परत ओढून घेतला. खूप वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले,

"हे दोघं न्हाईत, शिगवण. हा एकच हाय."

त्या उताऱ्यावरची तारीख एप्रिलच्या अखेरची होती आणि मुलाचं वय तंतोतंत जुळत होतं. त्यांनी मोडक्या इंग्रजीत हालिनाला सांगितलं, की चर्चच्या वहीतलं नाव आणि घरातलं नाव वेगळं असू शकतं, तुम्ही फक्त विचारून बघा. पाद्रीबाबांचं उत्तर यायला दोन महिने लागले. लॅटिनमध्ये वोय्चेखला नेहमी आडाल्बेर्टुसच लिहितात, त्यांनी कळवलं होतं. लहानपणीच देश सुटलेल्या हालिनाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिची पोलिश भाषा स्वयंपाकघरापुरती उरली होती.

त्या दिवशी परतताना शांतारामभाऊ गाडीत आपणहून बोलले. त्यांच्या आजीची आधीची तीन मुलं गेली होती. चौथं जगावं, त्याच्यावर कुणाची नजर जाऊ नये, म्हणून तिने त्याचं नाव कचरू ठेवलं. तेच त्यांचे वडील. पुढे धम्मदीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी स्वतःसाठी काश्यप हे नाव निवडलं, मरेपर्यंत तीच सही केली, पण शांतारामभाऊंच्या शाळेच्या दाखल्यात ते कुणी उतरवलं नाही. "नाव बदलायचा अर्ज दोनदा भरला मी," ते म्हणाले, "आन् दोनदा फाडला. काश्यप लिवलं तर आजी पुसली जाती. कचरू ठेवलं तर बाप." मी समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिलो. माफी मागायची ती वेळ होती... मी गिअर बदलला.

पुढच्या शुक्रवारी संस्थेला नवं पत्र गेलं. आपल्याकडच्या कोर्टाच्या कागदांत असतो तो शब्द शांतारामभाऊंनी इंग्रजीत वापरला होता. वोय्चेख ऊर्फ आडाल्बेर्ट ऊर्फ अल्बर्ट. तिसरं नाव त्यांनी स्वतःच्या अंदाजाने घातलं. साहेबाच्या देशातला कारकून आडाल्बेर्ट पूर्ण लिहायचा कंटाळा करणारच, असं त्यांचं म्हणणं. सात महिन्यांनी उत्तर आलं. वयाच्या चौदाव्या वर्षी जर्मनीत मजुरीला नेलेला, युद्धानंतर जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेलेला एक अल्बर्ट मेलबर्नमध्ये होता. सुतारकाम करून निवृत्त झालेला. जिवंत.

फोन करायच्या दिवशी हालिनाने आम्हाला बोलावून घेतलं. नवरा साइटवर होता, तिला एकटीला धीर होईना. तिने रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला होता. तिकडून आवाज आला. ती म्हणाली, "वोय्टेक?" मग तिकडून एक शब्द आला, तिने एक शब्द उच्चारला, आणि ती खाली फरशीवर बसली. शांतारामभाऊ मला हळूच विचारत होते, काय म्हणतायत? मला काय कळणार. नंतर तिनेच सांगितलं. भाऊ पोलिश जवळजवळ विसरला होता, ही खरंच हालिना आहे का याची त्याला खात्री हवी होती. आजीच्या दोन गाई होत्या. एकीचं नाव त्याने घेतलं, क्रासुला. दुसरीचं तिने सांगितलं, मुच्का.

त्यानंतरच्या रजेत शांतारामभाऊ गावी जाऊन स्वतःचं काम करून आले. नवा पासपोर्ट त्यांनी मला उघडून दाखवला. वडिलांच्या नावाच्या रकान्यात दोन्ही नावं होती. तेव्हा मात्र मी त्या काउंटरवरच्या हसण्याची गोष्ट काढली. त्यांनी पासपोर्ट मिटला. म्हणाले, मला ऐकू आलं होतं. आणि मग, "आता तूच नीट टायपिंग शीक. मी किती दिवस हाय इथं?" त्या महिन्यापासून त्यांनी मला शेजारी बसवून काम शिकवलं, आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ते गावी गेले तेव्हा त्यांची खुर्ची मला मिळाली. हालिना त्याआधीच नवऱ्याबरोबर इंग्लंडला परतली होती.

ते गेल्याचं मी तिला कळवलं, तिने भावाला. गेल्या आठवड्यात मेलबर्नहून माझ्या नावावर पत्र आलं, म्हाताऱ्या माणसाच्या थरथरत्या अक्षरात. आपण चर्चमध्ये मिस्टर गायकवाडांसाठी मेणबत्ती लावणार आहोत. पण प्रार्थनेत माणसाचं घरातलं नाव घ्यावं असं आपली आजी म्हणायची, तर त्यांना घरी काय म्हणत, तेवढं कळवा.

मला माहीत नव्हतं. सात वर्षं समोरासमोरच्या खाटांवर झोपलो, त्यांच्या हातची आमटी खाल्ली, त्यांनी माझ्या आजारपणात रात्रीचा दिवस केला... आणि हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी कराडला फोन लावला. वहिनींनी फोन घेतला. विचारल्यावर म्हणाल्या, "सासूबाई छबू म्हनायच्या. त्या गेल्यावर कुनीच न्हाई म्हनलं. मीबी न्हाई."

उत्तर लिहायला बसलो तर पहिल्याच अक्षरावर अडलो. इंग्रजी पद्धतीने 'सी-एच' लिहिलं तर प्रार्थनेच्या वेळी जुन्या पोलिश सवयीने तो म्हातारा खबू म्हणेल. मी कागद बदलला आणि 'सी-झेड'ने सुरुवात केली. मग मोठ्याने वाचून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. छबू. पुन्हा एकदा म्हटलं, आणि पाकीट बंद केलं.