बोडीतली बारकी मासोळी

बालाघाटच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागून मला वर्षही झालं नव्हतं, तोच सरकारी मत्स्य खात्याच्या साहेबांसोबत पाहणीला जायची पाळी आली. गाव खैरलांजीकडचं, माझ्या आत्याचंच. तिथल्या बोडीत, म्हणजे गावतलावात, किती जातींचे मासे आहेत ते बघायचं होतं. थोड्याच निघाल्या तर मोहाच्या बियांची ढेप, फक्त माशांना बाधणारी, टाकून सगळे मारायचे, रोहू-कतल्याचं बी सोडायचं आणि बोडी ठेक्याने द्यायची. आत्याच्या घरचं कालवण त्याच बोडीतलं.

पोचलो तर बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासे मांडून तयार! साहेब येणार म्हणून गावाने आधीच जाळी टाकली होती. पाहुण्यापुढे कचरा कसा ठेवायचा, म्हणून बोटभर मासे वेचून परत पाण्यात सोडले होते. उरले ते मोठे, देखणे, बहुतेक सगळे मरळ, म्हणजे मोजायला जात जवळजवळ एकच. आता काय म्हणावं या माणसांना! राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मी म्हटलं, बारीक जाळं टाकू, काठच्या गवतात बायका टोपलीने धरतात तिथे बघू. साहेब हिंदीत म्हणाले, छोटी मछली सब एक ही है, मॅडम. आत्याला विचारलं तर तिचंही तेच. बारकी ते बारकी, तिले काय नाव असते? मी हात टेकले. आणखी एक दिवस मागितला, पण साहेबांची जीप पुढे तिरोडीला जायची होती.

साहेबांनी कागदावर जाती थोड्याच लिहिल्या. पुन्हा पाहणी करा म्हणून मी अर्ज दिला, कचेरीत खेटे घातले. बाबू म्हणायचा, देखेंगे. गावाकडून कुणी आलं की मी आधी ढेपेचंच विचारायचे.

ढेप पडली त्या दिवशी मी गेलेच. दुपारपर्यंत मासे वर तरंगले. पट्ट्यांचे, ठिपक्यांचे, मिशांचे, आतला काटा बाहेरून दिसणारे. कित्येक मी पुस्तकातच पाहिले होते, काही तर तिथेही नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी एकेक उचलून ओळखत होते आणि डोळे गळत होते. गाव खुशीत होतं, घरोघरी टोपल्या भरून चालल्या होत्या. आत्याही टोपली भरत होती. भरता भरता ती थांबली.

"एवढ्या जातीची होती व बाई? उद्यापासून आमी काय धरू मंग?"

रोहू येतील ना, मी म्हटलं.

"ते ठेकेदाराचे व. आपले थोडेच राहतीन."