शेवटचा नंबर कुणाचा?

सकाळी पिठाच्या गिरणीत ज्वारीचा डबा ठेवून उभी होते, तेवढ्यात नाना आले. नाना माझे चुलत सासरे आणि कालपर्यंतचे आमचे सरपंच. काल शाळेच्या मैदानात ग्रामसभा भरली, गुप्त मतदान झालं आणि ज्या गावाने त्यांना निवडून दिलं होतं, त्याच गावाने खुर्चीवरून उतरवलं. नळाचं पाणी कायम त्यांच्याच आळीला आधी सुटायचं, एवढं कारण पुरलं. माझंही मत विरोधातच होतं. आता यांना तोंड कसं दाखवायचं, या धास्तीने काल मला घास गोड लागला नव्हता.

गिरणीवाल्याने सवयीने नानांचा डबा उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवला. नानांनी डबा उचलून मागे आणला.

"शेवटचा नंबर कुणाचा?"

"माझा," मी म्हणाले.

"मग सूनबाई, तुझ्यामागे मी."

माझा जीव भांड्यात पडला. निवडून द्यायचं म्हणजे गुलाल आणि हलगी, हे आम्हाला ठाऊक होतं. उतरवायचं म्हणजे मात्र डोकी फुटणार, येणं-जाणं तुटणार, असंच मी धरून चालले होते. उतरलेला माणूस शेवटी आपल्यातच येऊन उभा राहतो, हे ध्यानातच आलं नव्हतं.

"पाणी आलं का गं तुमच्या आळीला?" मागून नानांनी विचारलं.

"आलं की सकाळीच. तुमच्याकडे?"

"अजून यायचंय."

"येईल," मी म्हणाले, "नंबर लागला की."

नाना हसले.