मागच्या सीटचा मोह

विमान वयानं माझ्याहून थोडंसंच लहान होतं. दोनच सीटा, एकीमागे एक. पंखांवर पत्र्याऐवजी कापड, आणि शेपटीखाली एक चिमुकलं चाक. जंगलात, नदीकाठच्या वाळूत उतरण्यासाठी बनवलेलं. अकलूजच्या एका बागायतदारानं ते हौसेनं विकत घेतलं आणि कर्नाटकातून सोलापूरला आणायचं काम माझ्याकडे आलं. मी निवृत्त होऊन बसलेला पायलट, घरात सगळ्यांवर चिडचिड करणारा माणूस. बोली साधी होती: विमान आणायचं, मालकांनी नेमलेल्या दोन नव्या पायलटांना ते शिकवायचं आणि मोकळं व्हायचं.

आणताना भीमा ओलांडली तेव्हा मी मोठ्यानं गात होतो. एकटाच होतो म्हणून बरं. खिडकीच्या फटीतून वारा, पेट्रोलचा वास, खाली उसाचे हिरवे तुकडे आणि मध्येच उघडं माळरान. एवढं सुख नोकरीतल्या मोठ्या विमानांनी मला कधी दिलं नव्हतं. अक्कलकोट रस्त्यापासून आत मालकांनी करून घेतलेल्या मुरमाच्या धावपट्टीवर उतरलो आणि इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ आतच बसून राहिलो.

शिकणाऱ्यांत एक पुण्याचा मुलगा आणि एक सोलापूरचीच मुलगी. लायसन्स दोघांकडे होतं, पण शेपटीला चाक असलेलं विमान दोघांनीही कधी उडवलं नव्हतं. असं विमान हवेत गुणी असतं, जमिनीला टेकलं की त्याला लहर येते. पायांखालची पेडलं सतत हलती ठेवली नाहीत तर ते गर्रकन फिरतं. शिकणारा पुढे बसतो, मी मागे. मुलगा आधी तयार झाला आणि मी त्याला एकट्याला उडवायला सोडलं. पाठोपाठ मुलगीही तयार झाली. तिचे पाय तर त्याच्यापेक्षा हलके चालायचे.

पण तिला सोडलं की माझं काम संपत होतं. या वयात असलं विमान पुन्हा कोण माझ्या हाती देणार? त्या दिवशी ती सुरेख उतरली आणि मी म्हणालो, "ठीक. पण डावा पाय उशिरा आला. अजून एक फेरी." पाय मुळीच उशिरा आला नव्हता, हे मला बोलतानाच ठाऊक होतं.

मग कधी वाऱ्याचं कारण काढलं, कधी वेगाचं. एकदा काहीच सुचेना, तेव्हा "तुझ्यात आत्मविश्वास दिसत नाही" म्हणालो, आणि त्यानंतर तो खरोखरच दिसेनासा झाला. टेकताना ती बिचकू लागली, विमान उड्या मारू लागलं, आणि मला मागे बसून राहायला खरी कारणं मिळू लागली. लाज वाटायची. तरी सकाळी सगळ्यांच्या आधी मी धावपट्टीवर हजर.

एकदा मालक आले. "पोरगं कवाच सुटलं की. पोरीचं काय आडलंय? पोरीच्या जातीला न्हाय जमायचं, आसंच न्हवं सर?" ती पाण्याची बाटली घेऊन शेजारीच उभी होती. "तसं नाही" एवढं म्हणायला माझं काय जात होतं! मी म्हणालो, "बघू अजून थोडे दिवस." तिनं मान खाली घातली.

पुढच्या खेपेला ती विमानात चढलीच नाही.

"सर, मला काय जमेना बघा. मालकांना सांगते, दुसरं कुणीतरी बघा म्हणून. आईलाही सांगून टाकलं."

"काय सांगितलंस?"

"माझ्यात ते नाहीच म्हणून. लई रडली ती. मला लायसन्स मिळालं तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते की तिनं."

मला स्वतःची शिसारी आली. मी म्हणालो, "चढ. एकटी जा. तुला हे केव्हाचं येतंय. मलाच विमान सुटत नव्हतं, म्हणून तुला अडकवून ठेवलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग चढली. मागे माझं वजन नव्हतं, विमान पटकन हवेत गेलं. चक्कर मारून ती उतरली ती अगदी सरळ, जराही न डगमगता. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही लाज वाटली.

तिथूनच मालकांना फोन लावला आणि पोरीत काही कमी नव्हतं, अडवणूक माझी होती, हे स्पष्ट सांगितलं. ते हसले. "व्हय व्हय. पोरीला सांभाळून घ्यायला लागलाय न्हवं? लई भला मानूस तुमी." मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले.

ती विमान दोरांनी बांधत होती. मला मदतीला तिनं बोलावलं नाही.

"पटलं त्यांना?" तिनं न बघताच विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

तिनं गाठ आवळली. "मग आईला तरी तुम्हीच येऊन सांगा. मी सांगितलं तर तिलाही खरं वाटणार नाही."