मरियम, मारिया, मिर्याम

आमच्या घरात नाव रिकामं ठेवत नाहीत. लेकरू गेलं की त्याचं नाव पुढच्याला द्यायचं, असा रिवाज. माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. धड बोलायलाही लागली नव्हती, तापात गेली. मग मी झाले आणि बाप्तिस्म्याला तिचंच नाव मला मिळालं, मरियम. त्यामुळे भिंगारच्या ख्रिस्ती दफनभूमीत माझ्या नावाचा दगड माझ्या जन्माआधीपासून आहे. नोव्हेंबरात कबरींना चुना लावायला जायचो, तेव्हा तो दगड नेमका माझ्या वाट्याला यायचा. अंगावर काटा यायचा, पण सांगणार कोणाला?

आईनं मला त्या नावानं कधी हाक मारली नाही. पोरी, बाई, अगं ए, फारच चिडली तर भवाने. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणताना वाटायचं, आपण खोटं बोलतोय.

नावाचा अर्थ विचारायची मला भारी खोड. कोणी म्हणे कडू, कोणी म्हणे बंड, कोणी लाडकी, तर कोणी समुद्राचा थेंब. शेजारच्या मुसलमान भाभींच्या नातीचंही नाव मरियमच. त्या सांगायच्या, देवाच्या सेवेतली. घ्या! एवढे अर्थ, आणि एकही माझ्या कामाचा नाही. माझ्या लेखी एकच अर्थ होता: आधी दुसऱ्या कोणाची तरी.

धाकट्या भावाची पहिली मुलगी, मारिया, पाळण्यातच गेली. यंदा दुसरी झाली. सगळ्यांनी गृहीतच धरलं की हीसुद्धा मारिया. नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी साफ नाही म्हटलं. भावजय रडायलाच लागली. तिला वाटलं, मी तिच्या गेलेल्या लेकीला पुसून टाकायला निघालेय. भाऊ चिडून बाहेर निघून गेला. आई म्हणाली, रिवाज हाय, मोडू नगं.

माझं डोकंच फिरलं. "मग मला कधी त्या नावानं हाक का नाही मारलीस?"

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "लई भ्या वाटायचं. हाक मारली आन् तीच आली तर?"

भावजयीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. डोळे पुसून म्हणाली, "ताई, दुसरं सांगा. पण लांबचं नको."

लांबचं नव्हतंच. मोशेच्या बहिणीचं नाव मिर्याम. मारिया, मरियम, सगळी तिच्याच नावाची रूपं. तरी मी दफनभूमीत जाऊन सगळे दगड वाचून आले. मिर्याम कुठेच नव्हती.

रविवारी पाळकांनी विचारलं आणि मी नाव सांगितलं. बाळ पाण्यानं दचकलं, रडलं, मग भावजयीच्या खांद्यावर झोपून गेलं. ती लेकीच्या कानाशी नवं नाव पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती.

उपासना संपली. आवारात फोटोसाठी सगळे गोळा झाले. आई खुर्चीवर बसली होती, शेजारची जागा तिनं राखून ठेवली होती. माझ्याकडे बघून तिनं हाक मारली, "मरियम, इकडं ये."

सगळा जन्म या हाकेची वाट बघितली होती. तरी मी लगेच हलले नाही. वाटलं, आधी त्या पहिल्या मरियमला जाऊ द्यावं.