गच्चीवरच्या तारेची गाठ

बहिणीची शिक्षिकेच्या नोकरीची मुलाखत दुपारी तीनला होती, ऑनलाइन. आमच्या गल्लीत मोबाइलला रेंज मिळते ती गच्चीवर, आणि नागपूरच्या मे महिन्यात दुपारी गच्चीवर कोण बसणार? म्हणून मी राउटर विकत आणला. टेलिफोनच्या तारेवर चालणारा जुना मोडेम घरात होताच. त्याला राउटर जोडायचा, एवढंच काम. आजोबा, बाबा, काका सगळे हातमागावर बसले. कॉलेजात गेलेला मी पहिला. असं काम निघालं की घरचे माझ्याकडे पाहतात. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

सकाळी दहाला बसलो. मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लागायचा आणि विझायचा. राउटरच्या सेटिंग्ज तीनदा बदलल्या. वैतागून मोडेमच्या मागच्या रीसेटच्या भोकात टाचणी खुपसली, तर युजरनेम-पासवर्डही पुसला गेला. कंपनीला फोन लावला. अर्धा तास खरखरीत गाणं ऐकल्यावर माणूस लाइनवर आला आणि म्हणाला, "सर, बंद करून चालू केलं का?" युजरनेम-पासवर्ड तेवढा त्याने परत दिला.

बाबा दारात उभे. "काहून गा, नाही होऊन राहिलं? तार पाह्य ना एकदा. धागा तुटला की आम्ही..."

"बाबा, हा माग नाही. फोन चालू आहे, म्हणजे तार ठीक आहे."

"दादा, तुझी डिग्री राहू दे," बहीण म्हणाली. "मले तीन वाजता नेट पाहिजे."

सव्वादोनला झक मारून तारेच्या मागे मागे गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीमागे तारेला गाठ होती. बारीक, सपाट, ताणली की आणखी आवळणारी. अशी गाठ विणकरच मारतो.

"माकडानं तोडली होती ना," मागून आलेले बाबा म्हणाले. "मीच जोडली. माझी गाठ सुटत नाही."

खरंच सुटत नव्हती. पण वरचं प्लास्टिक त्यांनी नीट सोललंच नव्हतं. आतलं तांबं जेमतेम टेकत होतं. फोनवरचं बोलणं त्यातून पार व्हायचं, इंटरनेट अडायचं. माझी अख्खी सकाळ त्या गाठीत गेली होती. मी बाबांना ते दाखवलं. बाबांनी खाली जाऊन मागावरची कात्री आणली आणि गाठ स्वतःच कापली. मी टोकं सोलली, पिळली, टेप गुंडाळला.

तीनला पाच कमी असताना दिवा स्थिर झाला.

"मी म्हणलं होतं तार पाह्य," बाबा म्हणाले.

"आणि ती गाठ बांधली कोणी?" मी म्हणालो.

"चूप बसा ना आता दोघंही," बहिणीने दार लोटलं.

बाहेर बाबांनी तळहातावरचा कापलेला तुकडा पुढे केला आणि हळूच विचारलं, "पण गाठ चांगली होती ना गा?"

"होती," मी म्हणालो.